आदेश आणि अल्विधी : व्हर्च्युअल मशीनच्या चाचण्यांतील कंपायलरकृत आज्ञांचा विचार

प्राचीन ग्रंथाची संहिता हाती घेणाऱ्या संशोधकास पहिला प्रश्न हा पडतो की, समोर दिसणारे शब्द ग्रंथकाराचे किती व नकलकाराचे किती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती ही या एका प्रश्नाचाच कित्येक दशके चाललेला विचार होय. संगणकाच्या प्रोग्रामविषयी मात्र हा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. प्रोग्राम लिहिणारा सी भाषेत लिहितो, कंपायलर त्याचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करतो, आणि अपेक्षित उत्तर मिळाले की मधल्या रूपांतराची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. परंतु एक लेखनप्रकार असा आहे की, तेथे ही चौकशी टाळून चालतच नाही. व्हर्च्युअल मशीन चालविणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा घेण्यासाठी जे लहान लहान प्रोग्राम लिहिले जातात, ते या प्रकारात मोडतात. त्यांपैकी के.व्ही.एम. युनिट टेस्ट्स या नावाने प्रसिद्ध असलेल्या संग्रहाचा परामर्श प्रस्तुत टिपणात घ्यावयाचा आहे. भाषाभ्यासकाने या विषयाला हात घालावा काय, अशी शंका काही वाचकांना येईल. पण येथील अडचण मूलतः रूप आणि अर्थ यांच्या संबंधाची आहे, आणि तो संबंध तर आपल्या व्याकरणपरंपरेचा जुना विषय आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रे असल्याचा आभास निर्माण करण्याची कल्पना नवी नाही, आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात सी.पी.-४० ही अशा प्रकारची प्रणाली १९६७ साली चालू झाली होती. पोपेक व गोल्डबर्ग यांनी १९७४ साली या विद्येचा शास्त्रीय पाया घातला. यंत्राची स्थिती पाहणारी अथवा बदलणारी प्रत्येक 'संवेदनशील' आज्ञा पाहुण्याने, म्हणजे आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रणालीने, उच्चारली की नियंत्रण यजमानाकडे, म्हणजे हायपरव्हायजरकडे, गेले पाहिजे, असे त्यांच्या सिद्धान्ताचे थोडक्यात सार आहे. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये ही अट मोडणाऱ्या सतरा आज्ञा असल्याचे २००० साली रॉबिन व अर्व्हाइन यांनी दाखवून दिले. पुढे २००५ व २००६ या वर्षांत इंटेल आणि ए.एम.डी. यांनी प्रोसेसरमध्येच आवश्यक ती सोय केली. त्या सोयीवर आधारलेले के.व्ही.एम. ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर झाले व फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाले.

हार्डवेअरची सोय झाली म्हणून यजमानाचे वाचनाचे काम संपले, असे मात्र नाही. पाहुण्याने एखाद्या काल्पनिक उपकरणाच्या पत्त्यावर काही लिहिले, तर तेथे प्रत्यक्षात उपकरणच नसते. नियंत्रण यजमानाकडे येते. यजमान पाहुण्याच्या स्मृतीतून ती अडलेली आज्ञा वाचतो, तिचे पदच्छेद करतो, तिची लांबी ठरवितो, तिचा परिणाम स्वतः घडवून आणतो आणि पुढच्या आज्ञेवर पाहुण्यास सोडून देतो. या कामासाठी के.व्ही.एम.मध्ये जो भाग आहे त्यास एम्युलेटर म्हणतात. आपण त्यास अनुकारक म्हणू. अनुकारक हा वैयाकरण आहे. त्याला उपकरणाचे कार्य तर कळावे लागतेच, शिवाय ती आज्ञा कोणत्या रूपात उच्चारली गेली हेही अक्षरशः कळावे लागते. त्याचे चुकले, तर पाहुणी प्रणाली भलत्याच ठिकाणी पाऊल टाकते. त्याला आज्ञा ओळखताच आली नाही, तर के.व्ही.एम. अंतर्गत दोष घडल्याचे कळवून थांबते आणि ते आभासी यंत्र जागच्या जागी गोठते. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपले केंद्र उघडले, आणि २०१७ साली जाहीर केलेला त्या कंपनीचा नवा हायपरव्हायजर के.व्ही.एम.च्याच गाभ्यावर उभा आहे. तेव्हा या वैयाकरणाची परीक्षा नीट होते की नाही, हा केवळ पंडितांच्या कुतूहलाचा प्रश्न राहिलेला नाही.

येथे 'कंपायलर' या शब्दाविषयी दोन शब्द. मराठी परिभाषेत त्यास 'संकलक' म्हटले जाते. ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली ज्या ए-० प्रणालीस हे नाव दिले, ती आधी तयार असलेले उपक्रम गोळा करून एकत्र जुळवीत असे. तिला संकलक म्हणणे यथार्थ होते. आजचा कंपायलर संकलन फारसे करीत नाही. तो अनुवाद करतो, आणि अनुवाद करताना मजकूर सुधारतो. नाव जुन्या धंद्याचे राहिले आणि धंदा बदलला. तेव्हा 'संकलक' हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो असे आमचे मत आहे, म्हणून पुढे रूढ 'कंपायलर' हाच शब्द वापरला आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या यंत्राची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. त्या यंत्राच्या आज्ञांत थेट लिहिणाऱ्याला ग्रंथकार व नकलकार हा भेदच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९६४ साली त्याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० आले, त्याच्याबरोबर फोरट्रान आली आणि लेखक व यंत्र यांच्यामध्ये तिसरा पुरुष येऊन बसला.

हा तिसरा पुरुष कोणत्या हक्काने मजकूर बदलतो? सी भाषेच्या प्रमाणग्रंथाने त्याला एक सवलत दिली आहे. प्रोग्रामचे बाहेरून दिसणारे वर्तन मूळ मजकुराप्रमाणे घडले 'असते तसे' दिसत असेल, तर आत वाटेल ते फेरफार करण्यास कंपायलर मोकळा आहे. या नियमाचे स्वरूप संस्कृत व्याकरणाशी परिचय असलेल्या वाचकाच्या तत्काळ ध्यानात येईल. पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादात स्थानी व आदेश यांचा संबंध सांगितला आहे. ज्याच्या जागी दुसरे रूप येते तो स्थानी, जे येते तो आदेश. आणि आदेशाला स्थानीचे सर्व धर्म लाभतात. मराठीतील 'जा' या धातूच्या जागी भूतकाळात 'गे' येतो आणि 'गेला' हे रूप होते. परंतु त्यामुळे ते क्रियापद 'जाणे' या क्रियेचे राहत नाही, असे कोणी म्हणत नाही. (व्यवहारात 'आदेश' म्हणजे हुकूम, व्याकरणात 'आदेश' म्हणजे बदली रूप. घोटाळा नको म्हणून या टिपणात प्रोसेसरच्या हुकुमास सर्वत्र 'आज्ञा' म्हटले आहे.)

पण पाणिनीने त्याच सूत्रात एक अपवाद ठेविला आहे, आणि आमच्या प्रतिपादनाचा सारा भार त्या अपवादावर आहे. जे कार्य स्थानीच्या वर्णांवर अवलंबून असते, ज्याला वैयाकरण अल्विधी म्हणतात, त्या कार्यापुरता आदेश स्थानीसारखा मानावयाचा नाही. 'दिव्' या प्रातिपदिकातील वकाराच्या जागी प्रथमेच्या एकवचनात औकार येऊन 'द्यौः' हे रूप सिद्ध होते. त्या औकारास मूळच्या वकाराप्रमाणे व्यंजन मानले, तर व्यंजनानंतर प्रथमेच्या प्रत्ययाचा लोप सांगणारा नियम लागू पडून विसर्ग नाहीसा होईल. तसे होत नाही, कारण तो नियम वर्णाच्या रूपाकडे पाहतो. त्याचे पूर्वायुष्य तो विचारीत नाही.

हायपरव्हायजरची चाचणी ही अथपासून इतिपर्यंत अल्विधी आहे. चाचणीकाराने 'हा चल शून्य कर' असे लिहिले, तर कंपायलर शून्य भरण्याची पाच बाइटांची आज्ञा देण्याऐवजी त्या रजिस्टरचा त्याच्याशीच एक्स-ऑर करणारी दोन बाइटांची आज्ञा देतो. सामान्य प्रोग्रामच्या दृष्टीने अर्थ एकच. परंतु दुसरी आज्ञा प्रोसेसरच्या फ्लॅग बिटांना हात लावते, पहिली लावीत नाही. आणि दोहोंची लांबी भिन्न. ज्या अनुकारकाची परीक्षा लांबी व फ्लॅग यांच्यावरच व्हावयाची आहे, त्याच्यापुढे 'अर्थ तोच' हे समर्थन व्यर्थ होय. कंपायलरने स्थानिवद्भाव पाळला आणि चाचणी अपवादाच्या प्रदेशात उभी होती. या क्षेत्रातील बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे. कंपायलरच्या चुका त्या मानाने थोड्या.

आता प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळू.

सर्वांत परिचित उदाहरण एस.एस.ई. आज्ञांचे. चौसष्ट-बिटी इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर या एकशे अठ्ठावीस बिटांच्या रजिस्टरांवर काम करणाऱ्या आज्ञा उपलब्ध आहेतच, असे कंपायलर गृहीत धरतो. ऑपरेटिंग सिस्टमच्या छत्राखाली चालणाऱ्या प्रोग्रामपुरते ते योग्यही आहे. परंतु युनिट टेस्ट ही कोणाच्या छत्राखाली चालत नाही. ती स्वतःच नागव्या यंत्रावर उठून बसते. नियंत्रण रजिस्टरातील एक ठराविक बिट लावल्यावाचून प्रोसेसर या आज्ञा स्वीकारीत नाही; तो 'अवैध आज्ञा' असा अपवाद उठवितो. चाचणीकाराने सोळा बाइटांची एक रचना दुसरीत ठेवण्याचे साधे वाक्य लिहिले, कंपायलरने आठ-आठ बाइटांच्या दोन फेऱ्यांऐवजी एकच रुंद आज्ञा दिली, तो बिट अजून लागलेला नव्हता, अपवाद उठला, अपवादांची तक्ताही अजून मांडलेला नव्हता, अपवादातून अपवाद होत तिसऱ्या पायरीवर यंत्र बंद पडले. पाहणाऱ्यास वाटते, के.व्ही.एम. बिघडले. वस्तुतः परीक्षकाच्या प्रस्तावनेतच असा शब्द शिरला होता की जो त्याने लिहिला नव्हता आणि परीक्षार्थ्यास अजून शिकविला गेला नव्हता.

संग्रहाने यावर जो उपाय केला आहे तो सर्वश्रुत आहे. इंटेल विभागाच्या बांधणीत कंपायलरला सरसकट मनाई केली आहे की, एस.एस.ई. आज्ञा निर्मू नयेत. आणि जेथे अनुकारकाची या आज्ञांवरच परीक्षा घ्यावयाची आहे, त्या एका फंक्शनपुरती मनाई उठविली आहे. स्टॅकच्या टोकाखालील एकशे अठ्ठावीस बाइटांची 'लाल पट्टी' कंपायलर बिनदिक्कत वापरतो व अवचित येणारा इंटरप्ट ती तुडवून टाकतो, म्हणून तीही बंद केली आहे. ही चौकट काळजीपूर्वक आखलेली आहे, हे मान्य केलेच पाहिजे. एका फंक्शनपुरती दिलेली सूट तर चिकित्सित आवृत्तीतील कंसासारखी आहे. संपादकाने आपण कोठे काय केले हे त्यात लपविलेले नाही.

लोपाची उदाहरणे अधिक फसवी असतात. शून्याने भागल्यास योग्य अपवाद उठतो की नाही, हे तपासावयाचे आहे असे समजा. सी भाषेत शून्याने भागण्याला अर्थच नेमून दिलेला नाही. म्हणून कंपायलर तो भागाकार सरळ गाळून टाकू शकतो. चाचणी चालते, अपवाद येत नाही, आणि दोष यजमानाच्या माथी येतो. परीक्षकाने प्रश्न विचारलाच नव्हता. प्रश्नपत्रिका छापणाऱ्याने तो निरर्थक म्हणून काढून टाकला होता. अशा ठिकाणी भागाकाराची आज्ञा असेंब्लीत हाताने लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. हाताने लिहिलेल्या भागातही कंपायलर आपली सत्ता पूर्णपणे सोडीत नाही. ज्या फंक्शनात असेंब्लीचे ठराविक नावाचे लेबल ठेविले आहे, त्या फंक्शनाची त्याने दुसरी प्रत काढली, तर एकच लेबल दोनदा येते आणि बांधणी मोडते.

आगमाचा प्रकार पाहू. मजकुरात नसलेली अक्षरे कंपायलर आपण होऊन घालतो. बाइट भरणारी साधी फेरी पाहून तो तिच्या जागी मेमसेट या फंक्शनला हाक मारतो. आणि ते मेमसेट फंक्शन जर याच कंपायलरने याच फेरीपासून बनविले असेल, तर ते स्वतःलाच हाक मारीत बसते. अप्रत्यक्ष उड्यांना आळा घालण्याच्या नव्या योजनेत प्रत्येक फंक्शनच्या आरंभी चार बाइटांची एक खूण-आज्ञा घातली जाते. जुने प्रोसेसर तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ही खूण घालावी की नाही, स्टॅकच्या रक्षणाची तजवीज करावी की नाही, पत्त्यांची रचना कशी असावी, हे लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांत पूर्वनियोजनाने निरनिराळे ठरलेले असते. त्यामुळे एकच चाचणी दोन ठिकाणी बांधली तर दोन पाठ सिद्ध होतात, आणि दोघेही चाचणीकार आपण तीच चाचणी चालविली असे प्रामाणिकपणे सांगतात. आगम एकदा रुळला की तो आगम आहे हे विसरले जाते, याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या रोजच्या पत्त्यातच आहे. मीरा रोड या नावातील 'रोड' म्हणजे रस्ता नव्हे. नाशिक रोड, वसई रोड यांप्रमाणेच, मूळ गाव स्थानकापासून दूर आहे हे दर्शविणारी ती रेल्वेच्या नामकरणाची खूण होय. आज लाखो रहिवासी ते उपनगराचे सबंध नाव म्हणून वापरतात, आणि रस्ता कोणता असे कोणी विचारीत नाही.

या सर्वांत विचारास अधिक खाद्य देणारे प्रकरण ए.आर.एम. प्रोसेसरचे आहे. उपकरणाच्या पत्त्यावरील वाचन-लेखन कंपायलरने गाळू नये म्हणून सी भाषेत 'व्होलाटाइल' हा शब्द लावण्याची प्रथा आहे. हा शब्द एवढेच सांगतो की, उच्चार झालाच पाहिजे. तो उच्चार कोणत्या रूपात व्हावा, हे सांगण्याचे सामर्थ्य त्यात नाही. ए.आर.एम.मध्ये स्मृतीत लिहिणारी आज्ञा साध्या रूपातही देता येते. आणि लिहिता लिहिताच पत्त्याचे रजिस्टर पुढे सरकविणाऱ्या जोडरूपातही देता येते. ओळीने लिहावयाचे असेल तर कंपायलरला दुसरे रूप स्वस्त पडते. परंतु पाहुण्याची आज्ञा अडली की प्रोसेसर यजमानास जे लक्षणपत्र देतो, ते जोडरूपाच्या बाबतीत कोरे असते. 'वर्णन ग्राह्य' असे सांगणारा बिट शून्य राहतो. मग पाहुण्याच्या पत्त्यांचे दोन थरांचे भाषांतर स्वतः करून आज्ञा शोधणे व तिचे विघटन करणे, एवढाच मार्ग यजमानास उरतो, आणि तो मार्ग फार महाग आहे.

२०१२ साली यावर जो तोडगा निघाला तो लक्षात घेण्याजोगा आहे. लिनक्सच्या ए.आर.एम. विभागात उपकरणांशी बोलणारी फंक्शने असेंब्लीत बांधण्यात आली, जेणेकरून कंपायलरला जोडरूप वापरताच येऊ नये. युनिट टेस्ट संग्रहानेही आपल्या ए.आर.एम. विभागात तोच कित्ता गिरविला. म्हणजे श्रोत्याला एक वाक्यरचना समजत नाही, म्हणून वक्त्यांनी ती टाळावयाची असे ठरले. लिनक्सपुरते हे खपून गेले, कारण वक्ता आणि श्रोता एकाच घरचे होते. परंतु पाहुणा दुसऱ्या घरचा असेल, त्याच्या लेखकांनी 'व्होलाटाइल' लिहून आपले कर्तव्य बजावले असेल आणि त्याच्या कंपायलरने जोडरूप निवडले असेल, तर त्याची चूक कोणती? प्रोसेसरच्या दृष्टीने त्याचा उच्चार संपूर्ण शुद्ध आहे. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.५ या आवृत्तीत अशी कोऱ्या लक्षणपत्राची घटना वरच्या प्रोग्रामकडे सोपविण्याची मुभा ठेवण्यात आली. समजण्याची जबाबदारी श्रोत्याच्या बाजूस निदान एक पाऊल सरकली, एवढे त्यावरून म्हणता येईल.

या ठिकाणी संग्रहावरील आमचा मुख्य आक्षेप मांडतो. चाचणीत दोन प्रकारच्या आज्ञा असतात. काही आज्ञा परीक्ष्य असतात, म्हणजे त्यांच्यावरच अनुकारकाची परीक्षा व्हावयाची असते. उरलेल्या वाहक असतात, म्हणजे त्या परीक्षा उभी करतात, उत्तर तपासतात आणि निकाल छापतात. वाहक आज्ञांवर निर्बंध घालणे सर्वथा उचित आहे. प्रश्नपत्रिकेची भाषा जितकी साधी तितकी बरी. परीक्ष्य आज्ञा हाताने लिहून पक्क्या करणे हेही उचित आहे. चूक होते ती या दोहोंवरून काढलेल्या अनुमानात. वाहक भाषा दरिद्री केली आणि परीक्ष्य आज्ञा चाचणीकाराला जेवढ्या सुचल्या तेवढ्याच लिहिल्या, म्हणजे पाहुण्यांच्या बोलण्याची परीक्षा झाली, असे समजले जाते. खरे पाहुणे चाचणीकाराच्या यादीतून बोलत नाहीत. पडद्याच्या स्मृतीत चित्र उतरविणारा एखादा प्रोग्राम मेमकॉपी वापरतो. मेमकॉपीच्या आत त्या प्रोसेसरवर मिळणारी सर्वांत रुंद आज्ञा असते. आणि ती स्मृती त्या क्षणी अनुकारकाच्या ताब्यात असेल, तर त्याच्यापुढे जी आज्ञा येते ती कोणाही माणसाने लिहिलेली नसते. जी रूपे संग्रहाने स्वतःच्या घरात त्रासदायक म्हणून बंद केली, तीच रूपे अनुकारकाला बाहेर भेटतात. शब्दकोशात आलेले शब्द तपासून बोली समजली असे मानण्याची चूक भाषाभ्यासात एके काळी पुष्कळ झाली आहे. प्रत्यक्ष उच्चारांचा संग्रह केल्यावाचून ती सुधारली नाही. येथेही निरनिराळ्या कंपायलरांनी, निरनिराळ्या पातळ्यांच्या सुधारणा लावून, उपकरणांच्या पत्त्यांसाठी कोणती रूपे प्रत्यक्ष निर्माण केली त्यांचा संग्रह करून तो परीक्ष्य आज्ञांच्या यादीस जोडला पाहिजे.

हे सुचविताना संग्रहकर्त्यांच्या कल्पकतेकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे होईल. अनुकारकाला हव्या त्या आज्ञेवर आणून उभे करणे मुळातच अवघड, कारण बहुतेक आज्ञा प्रोसेसर स्वतःच उरकतो व त्या यजमानापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून आरंभी एक विलक्षण युक्ती योजिली गेली. आज्ञांची दोन पाने तयार करावयाची. पहिल्या पानावर उपकरणाला स्पर्श करणारी, म्हणून अडणारी, एक आज्ञा. दुसऱ्यावर नेमकी त्याच जागी ज्या आज्ञेची परीक्षा घ्यावयाची ती. प्रोसेसरच्या पत्त्यांच्या तात्पुरत्या नोंदीत पहिले पान भरवून ठेवावयाचे, परंतु पत्त्यांच्या मूळ तक्त्यात दुसऱ्याची नोंद करावयाची. प्रोसेसर पहिल्या पानावर अडतो. अनुकारक तक्ता पाहून दुसरे पान वाचतो. वाचक दोन, जागा एक, पाठ भिन्न! पाठभेदाचा दोष म्हणून नव्हे, तर साधन म्हणून असा उपयोग केल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

ही युक्ती प्रोसेसरच्या अंतर्गत नोंदींच्या वर्तनावर विसंबून असल्यामुळे नाजूक होती. २०१८ साली के.व्ही.एम.मध्ये अधिक सरळ सोय झाली. इंटेलच्या आज्ञासंचात यू.डी.-२ नावाची एक आज्ञा आहे. ती सदैव अवैध राहील, असे प्रोसेसरच्या कर्त्यांनीच जाहीर केलेले आहे. निरर्थकता हाच ज्याचा नेमून दिलेला अर्थ, असा हा शब्द होय. तिच्यापुढे रोमन लिपीतील के, व्ही आणि एम या तीन अक्षरांचे संकेतांक ठेवावयाचे व नंतर परीक्ष्य आज्ञा लिहावयाची. यजमानाने ही सोय चालू केलेली असेल, तर अवैध आज्ञेमुळे नियंत्रण त्याच्याकडे येते, तो पुढील तीन अक्षरे ओळखतो आणि त्यांमागून येणारी आज्ञा प्रोसेसरकडे न देता अनुकारकाकडून करवून घेतो. हा उपसर्ग कोणताही कंपायलर आपण होऊन निर्माण करणार नाही. म्हणून परीक्ष्य आज्ञा कोठे सुरू होते याची निःसंदिग्ध खूण मजकुरातच राहते, आणि वर केलेला परीक्ष्य व वाहक हा भेद यंत्रालाही दिसू लागतो. संग्रहातील या विषयाचे सर्वांत समाधानकारक उत्तर हेच होय, असे आम्हांस वाटते.

रूपसंग्रहाचे काम कसे करावे याचा एक नमुना मुंबईतच आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या जी.सी.सी. रिसोर्स सेंटरने २०११ व २०१२ साली भरविलेल्या कार्यशाळांत कंपायलरच्या अंतरंगाची ओळख करून देण्याची एक पद्धत शिकविली जात असे. कंपायलरला बंद पेटी मानावयाचे नाही, तशीच त्याची सर्व संहिताही वाचीत बसावयाचे नाही. एखादे लहानसे वाक्य त्याला द्यावयाचे आणि प्रत्येक टप्प्यावर तो त्या वाक्याची जी अवस्था छापून देतो ती मागच्या अवस्थेशी ताडून पाहावयाची. जी.सी.सी.मध्ये २००५ सालच्या ४.० या आवृत्तीपासून गिंपल हे मधले रूप आले. त्याच्यापुढे यंत्राच्या जवळचे आर.टी.एल. हे रूप येते, शेवटी असेंब्ली. 'जा'चा 'गे' कोणत्या पायरीवर झाला, हे या पद्धतीने बोट ठेवून दाखविता येते. त्या कार्यशाळांचा हेतू कंपायलर घडविणारे तयार करण्याचा होता. चाचणीकारांना तिचा उपयोग व्हावा असे त्यांनी म्हटले असो वा नसो, तो होण्यासारखा आहे. ज्या टप्प्यावर दोन आठ-बाइटी लेखनांचे एक सोळा-बाइटी लेखन झाले तो टप्पा सापडला, तर सरसकट मनाईऐवजी तेवढ्याच सुधारणेला आणि तेवढ्याच फाइलपुरती मनाई करता येईल, आणि उरलेल्या मजकुरातून खऱ्या पाहुण्यांची भाषा ऐकू येत राहील.

एक किरकोळ वाटणारी सूचना येथेच नोंदवितो. संग्रहातील चाचण्या आज निकाल छापतात तो 'उत्तीर्ण' अथवा 'अनुत्तीर्ण' या शब्दांत, त्याच्यापुढे चाचणीकाराने लिहिलेले वर्णन असते. वर्णन सी भाषेच्या लेखकाचे आणि निकाल प्रोसेसरच्या आज्ञेचा, असा हा जोड आहे. परीक्ष्य आज्ञेचे प्रत्यक्ष बाइट, कंपायलरचे नाव व आवृत्ती, आणि त्याला दिलेले निर्बंध यांची एक ओळ निकालाबरोबर छापली, तर दोन गावांतील दोन चाचणीकारांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा त्यांना प्रथम हे पाहता येईल की, दोघांनी एकच पाठ वाचला होता काय.